रूमवर जाण्याआधी आईचा ‘अंदाज’ वाटीने मोजून घ्या

पुण्यात शिकायला आलेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. पहिले दोन रविवार वडापाव आणि भुर्जी-पावात निघतात. तिसऱ्या रविवारी खिशाकडे बघून कुणीतरी म्हणतं, चला, रूमवरच खिचडी टाकू. मग घरी फोन जातो.

“आई, पाणी किती घालू?”

“घाल की अंदाजाने.”

इथेच घोडं अडतं. बारावीचा निकाल ते कॉलेज सुरू होणं यात महिना-दोन महिने मोकळे मिळतात. त्यात पंचवीस रेसिपी पाठ करायची गरज नाही. घरात रोज होणारे चार पदार्थ आणि त्यामागचा हा ‘अंदाज’ समजून घेतला तरी पहिलं वर्ष नीट निघतं. हे मुलींइतकंच मुलांनाही लागू आहे. उलट मुलांना जास्त, कारण त्यांना अजूनही अनेक घरांत पाणी प्यायलासुद्धा ओट्याकडे जावं लागत नाही.

अंदाज म्हणजे नेमकं काय?

आई काही लपवत नसते. वर्षानुवर्षं तेच भांडं, तोच तांदूळ, तीच शेगडी वापरून तिचा हात बसलेला असतो. ती तांदळावरचं पाणी बोटाच्या पेराने मोजते आणि मीठ चिमटीने टाकते. तुमचं पेर वेगळं, भांडं वेगळं, मग भातही वेगळाच होणार. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घराघरात पोचलं. त्याचं एक कारण हेच, की त्यात वाटी-चमच्याची मापं होती.

तेव्हा आई स्वयंपाक करत असताना शेजारी उभं राहा आणि तिने हातात घेतलेली प्रत्येक गोष्ट भांड्यात पडण्याआधी वाटीत ओतून बघा. ती वैतागेल, पण चालतं. सुरुवातीला ही मापं धरा: भाताला एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. मऊ खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी. मोकळी हवी असेल तर तीन. तूरडाळ एक वाटी असेल तर पाणी तीन वाट्या, आणि डाळ अर्धा तास आधी भिजवलेली. जी वाटी घरी वापराल तीच बॅगेत टाका.

यातही तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी लागतं, जुना असेल तर जास्त. म्हणून दुकानात ‘नवा की जुना’ हे विचारायचं.

तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?

कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे फक्त जादा वाफ बाहेर पडणं. गॅस मोठा ठेवला तर तीन शिट्ट्या पटापट होतात आणि आत डाळ कच्ची राहते. इंडक्शनवर तर हे हमखास होतं. त्यामुळे आईच्या तीन शिट्ट्या घड्याळ लावून मोजा आणि मिनिटं लिहून ठेवा. डाळ-तांदूळ फुगतात, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाशी झटापट करायची नाही.

माझी पहिल्या वर्षातली डाळ मात्र आठ शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकच करत होती. मला वाटलं कुकर बिघडला. दोष पाण्याचा होता. रूमवर बोअरचं पाणी यायचं. अशा जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, ते डाळीच्या पेशी धरून ठेवतात आणि डाळ मऊच होत नाही. प्यायच्या फिल्टरच्या पाण्यात तीच डाळ नीट शिजली. टोमॅटो, चिंच, आमसूल यांच्या आंबटपणानेही डाळ शिजायला वेळ लागतो, म्हणून ते डाळ शिजल्यावरच घालायचं.

फोडणीचा क्रमही उगाच ठरलेला नाही. मोहरीला आच सगळ्यात जास्त लागते. आतल्या ओलाव्याची वाफ होते तेव्हा ती तडतडते. जिरं त्यानंतर. हिंग, हळद लगेच करपतात म्हणून शेवटी, आणि लाल तिखट तर गॅस बंद केल्यावर. हा एक क्रम आला की वरण, पोहे, उपमा, पिठलं या सगळ्यांची सुरुवात आली.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला?

घरी आपण हे नेहमी खातो. पण घरी बहुधा फ्रिज असतो. भातात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. उबदार खोलीत भात रात्रभर उघड्यावर राहिला की ते वाढतात. त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हे नकोच. फ्रिज नसेल तर संपेल तेवढाच भात लावा. असेल तर तास-दोन तासांत आत ठेवा.

सामान घेण्याआधी दोन चौकश्या करा. हॉस्टेलवर राहणार असाल तर इंडक्शन चालतं का, कारण बऱ्याच ठिकाणी ते जप्त होतं. भाड्याच्या खोलीत प्लगचा पॉइंट बघा. लहान पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १,३८० वॉटचा असतो. २,००० वॉटच्या इंडक्शनला मोठा, १६ अँपिअरचा लागतो. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघा, मगच घ्या. गॅसच हवा असेल तर गॅस कंपन्यांचा ५ किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, फक्त ओळखपत्रावर मिळतो. कोपऱ्यावर मोठ्या सिलिंडरमधून लहानात गॅस भरून देणारे असतात, त्यांच्याकडे जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि त्यात स्फोट होऊ शकतो.