मॉरिशसचा पाऊस आणि दुष्काळाचे मोजमाप

पाऊस किती पडला हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण जो पडला तो पुरेसा की अपुरा, हे वेळेवर सांगणारा विरळा. पूर एका रात्रीत येतो व सर्वांस दिसतो. दुष्काळाची चाल निराळी. तो महिनोन्महिने पावले न वाजविता येतो, आणि तो आला असे सर्वांचे एकमत होईपर्यंत पीक हातचे गेलेले असते. म्हणून दुष्काळ ओळखण्याची खरी वेळ कोणती, आणि तो कोणत्या मापाने ओळखावा, हा प्रश्न कास्तकाराच्या दृष्टीने केवळ शास्त्राचा नसून पोटाचा आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाने ह्या प्रश्नाचा पाठपुरावा बराच काळ केला आहे. त्याची हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

मॉरिशस आम्हांस अगदीच परके नाही. १८३४ सालानंतर करारबद्ध मजूर म्हणून जी हिंदी माणसे तेथील उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज तेथे नांदत आहेत. तेथील जमीनही ओळखीचीच वाटावी अशी आहे. भूशास्त्रज्ञांचे मत असे की, पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण स्थानातून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण बाहेर पडला, त्याच स्थानाने फार पुढच्या काळात मॉरिशस व शेजारचे रियुनियन ही बेटे घडविली. मजुरांनी शेतातून वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग तेथील उसाच्या फडांमध्ये अजूनही उभे दिसतात.

आता पावसाकडे वळू. बेट लहान, मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,९०० चौरस किलोमीटरही भरत नाही. संपूर्ण बेटाची सरासरी धरली तर वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा पाऊस ऐकून कोणीही म्हणेल की, तेथे पाण्याची काय वाण! परंतु ही सरासरी फसवी आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात आणि आपले ओझे तेथेच उतरवितात. त्यामुळे पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस, पूर्व किनाऱ्यावर सुमारे १,५००, आणि पठाराच्या आडोशास असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर अवघा ९०० मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेस उतरलेल्या माणसास हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

कालाची वाटणीही अशीच विषम आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथील उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल. वर्षातील पावसाचा सुमारे दोनतृतीयांश भाग ह्याच सहा महिन्यांत पडतो. ऊस वाढतो तोही ह्याच काळात, आणि तोडणी जूनपासून सुरू होते. शिवाय पडलेले सर्व पाणी हाती लागते असेही नाही. तेथील पाण्याचा ढोबळ हिशेब असा मांडतात की, शंभर भागांपैकी तीस भाग बाष्प होऊन उडतात, साठ भाग ओढ्यानद्यांवाटे वाहतात, आणि अवघे दहा भाग जमिनीत मुरतात. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुई शहरावर दोन तासांच्या आत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यात अकरा माणसे दगावली. वर्षाच्या बेरजेत हा पाऊस जमेस धरला गेला खरा. पण पिकाच्या दृष्टीने त्याचा उपयोग किती झाला असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

असल्या बेटात मोजणीची गरज लोकांस लवकर पटली. १८५१ साली तेथे हवामानशास्त्राचे मंडळ स्थापन झाले. त्याचे चिटणीस चार्ल्स मेल्ड्रम ह्यांनी वादळे व पाऊस ह्यांच्या नोंदी चिकाटीने जमविल्या, आणि पुढे पांप्लेमूस येथे वेधशाळा उभी राहिली. साखरेच्या मळ्यांवरही पर्जन्यमापके बसली. आज हे काम वाकोआ येथील सरकारी हवामान खाते पाहते. शंभर वर्षांहून अधिक काळच्या नोंदींवरून ह्या खात्याने असे दाखविले आहे की, बेटावरील पावसाचा एकंदर कल घटीचा आहे. उन्हाळी पाऊस सुरू होण्यास उशीर होऊ लागला आहे. पावसाचे दिवस कमी होत असून सलग कोरड्या दिवसांची संख्या वाढत आहे. ही गोष्ट कोणा एका पिढीच्या आठवणीवरून सांगता आली नसती. म्हातारी माणसे पूर्वीचा पाऊस मोठा होता असे नेहमीच म्हणतात. वहीतील आकडा मात्र कोणाची भीड धरीत नाही.

परंतु नुसता आकडा पुरत नाही. समजा, एखाद्या वर्षी पठारावर १,२०० मिलिमीटर व पश्चिम किनाऱ्यावरही १,२०० मिलिमीटर पाऊस पडला. किनाऱ्यावर ते सुकाळाचे वर्ष, आणि पठारावर भयंकर अवर्षणाचे. तेव्हा प्रत्येक जागेचा पाऊस त्याच जागेच्या नेहमीच्या पावसाशी ताडून पाहिला पाहिजे. शेकडा तूट काढली तरीही काम अर्धेच होते. जेथे पाऊस वर्षानुवर्षे सारखा पडतो, तेथे शेकडा वीसची तूट ही मोठी गोष्ट. जेथे तो मुळातच लहरी, तेथे तेवढी तूट नित्याचीच. ही अडचण दूर करण्यासाठी १९९३ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथील मॅकी, डोस्केन व क्लाइस्ट ह्या तिघा संशोधकांनी 'प्रमाणित पर्जन्य निर्देशांक' सुचविला. २००९ साली जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत, सर्व देशांच्या हवामान खात्यांनी हे माप वापरावे अशी शिफारस झाली.

ह्या मापाचे तत्त्व सोपे आहे. एका ठिकाणच्या निदान तीस वर्षांच्या नोंदी घ्याव्यात, तेथील पावसाचा नेहमीचा चढउतार किती ते काढावे, आणि चालू पाऊस त्या चढउताराच्या मानाने कोठे बसतो ते पाहावे. शून्य म्हणजे नेहमीसारखा पाऊस. उणे १ च्या खाली गेल्यास मध्यम दुष्काळ, उणे १·५ च्या खाली तीव्र, आणि उणे २ किंवा त्याहून खाली अतितीव्र. ह्यामुळे ओले पठार आणि कोरडा किनारा एकाच तराजूत घालता येतात.

ह्याहून मोलाची गोष्ट अशी की, हे माप एक, तीन, सहा किंवा बारा महिन्यांसाठी वेगवेगळे काढता येते. तीन महिन्यांचा आकडा पिकाची स्थिती सांगतो. बारा महिन्यांचा आकडा तलाव व विहिरी ह्यांची. जानेवारीत चार चांगल्या सरी आल्या की ऊस तरारतो, पण मार-ओ-वाकोआसारखा मोठा जलाशय तेवढ्याने भरत नाही. उलट, तलाव भरलेले असतानाही बिनपाटाच्या शेतातील पीक करपू शकते. 'दुष्काळ आहे की नाही' ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एक नसते. कोणाचा दुष्काळ, हे आधी विचारावे लागते.

१९९९ साल ह्या बेटास विसरता येणार नाही. १९९८ च्या अखेरीस सुरू व्हायचा उन्हाळी पाऊस त्या वेळी फसला. चक्रीवादळ म्हणजे तेथे मोठे संकट. १९६० सालच्या 'कॅरोल' वादळाने बेट उद्ध्वस्त केले होते. तरीही जलाशय पुरते भरतात ते बहुधा जवळून गेलेल्या वादळाच्याच पावसाने. त्या हंगामात तो पाऊस हवा तसा लाभला नाही. १९९८ साली सुमारे ६ लाख ३० हजार टन साखर झाली होती; १९९९ साली ती सुमारे ३ लाख ७० हजार टनांवर आली. ज्या लहान बागाईतदारांचे सर्व वर्ष एकाच पिकावर अवलंबून, त्यांच्या घरी ह्या आकड्याचा अर्थ काय झाला असेल, हे ऊस लावणाऱ्या आमच्या वाचकांस सांगणे नको.

शेजारच्या बेटांकडे पाहिले म्हणजे हा धडा अधिक ठसतो. रियुनियनच्या फॉक-फॉक येथे जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे, आणि ती जगातील उच्चांक मानली जाते. त्याच बेटाच्या पूर्व उतारावर वर्षाला १० हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पश्चिम किनाऱ्याच्या काही भागांत ७०० मिलिमीटरही नाही. तेथील लोकांनी डोंगराच्या पोटातून बोगदे खणून पूर्वेकडील पाणी पश्चिमेच्या शेतांस नेले. मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ६०० किलोमीटरवरील रॉड्रिग्ज बेटास असा ओला डोंगरच नाही. तेथे समुद्राचे पाणी गोडे करून पिण्यास द्यावे लागते. तिन्ही बेटे एकाच समुद्रातील. पण प्रत्येकाचा दुष्काळ निराळा, आणि म्हणून उपायही निराळा.

मोजणीने पाऊस पडत नाही, हे आम्ही जाणतो. पण मोजणीने दिवस हाती येतात. तीन महिन्यांचा आकडा खाली जाऊ लागला की पाणी कोणत्या फडास द्यावे व कोणत्या फडाचे तोडावे, पाचट न जाळता सरीत पसरून ओल कशी राखावी, नवी लागण पुढे ढकलावी काय, हे विचार वेळेवर करता येतात. तलाव आटल्यावर हेच विचार केवळ पश्चात्ताप ठरतात.

आमच्या वाचकांपैकी ज्यांस शक्य असेल त्यांनी आपल्या शेतावर एक पर्जन्यमापक ठेवावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. जागा मोकळी असावी. जवळचे झाड अगर भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर माप असावे. त्याचे तोंड सपाट व जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच असावे. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजून वहीत लिहावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. रकाना कोरा सोडू नये. कारण कोरा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता, हे पुढे कोणासच कळत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, एवढे ध्यानात ठेवले की वहीतील आकडा आपोआप शेताच्या भाषेत बोलू लागतो.

तालुक्याचा आकडा तालुक्याचा असतो. आपल्या बांधाच्या आतला पाऊस आपल्यालाच मोजावा लागतो. ह्या वहीचा पुरता उपयोग होण्यास तीस वर्षे लागतील, हे खरे. म्हणूनच ती मुलांच्या हाती देण्याजोगी वस्तू आहे. येत्या मृगाच्या आधी तिचे पहिले पान घालावे, इतकेच आमचे मागणे आहे.