मधुमेहातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी आणि विकरांची भूमिका

ठाण्यात टेंभी नाक्यावरील जिल्हा रुग्णालयाने अनेक दशके ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील रुग्णांना सेवा दिली. अशा कोणत्याही रुग्णालयात होणारी रक्तशर्करेची चाचणी बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरावर आधारलेली असते. शर्करा मोजण्याच्या कामी विकर येते, तसेच शर्करेमुळे होणाऱ्या हानीतही विकरांचा वाटा असतो.

डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडातील केशवाहिन्यांचे गुच्छ व चेता यांच्या पेशी इन्सुलिनच्या परवानगीशिवाय ग्लुकोज आत घेतात. रक्तात शर्करा वाढली की त्यांच्या आतही ती वाढते. एरवी जवळजवळ निष्क्रिय असलेले अल्डोज रिडक्टेज हे विकर मग या जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करू लागते. सॉर्बिटॉल साचून पेशी फुगतात, हे स्पष्टीकरण मोतीबिंदूला लागू पडते. सूक्ष्म वाहिन्यांच्या बाबतीत मात्र ते अपुरे आहे. तेथे अधिक महत्त्वाचे आहे ते या क्रियेत खर्च होणारे एनएडीपीएच. ग्लुटाथायोन पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी हेच द्रव्य लागते. ते कमी पडले की पेशीची ऑक्सिडीकरणाविरुद्धची ढाल दुबळी होते.

मायकेल ब्राउनली यांनी 2001 मध्ये या साऱ्याची एकत्रित मांडणी केली. तंतुकणिकांत अतिरिक्त सुपरऑक्साइड तयार होते, त्यामुळे ग्लुकोजच्या विघटनातील जीएपीडीएच हे विकर मंदावते, आणि अडलेले पदार्थ आडवाटांनी वळतात. प्रोटीन कायनेज सी सक्रिय होणे ही त्यांपैकीच एक वाट असून, तिच्यामुळे वाहिन्यांची पारगम्यता वाढते.

म्हणजे अल्डोज रिडक्टेज रोखले की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॉर्बिनिलच्या चाचणीत दृष्टिपटलाच्या विकाराची प्रगती थांबली नाही. याच गटातील एपालरेस्टॅट जपान व भारतात चेताविकारासाठी वापरात आले, एवढेच. एक आडवाट बंद केली तरी बाकीच्या उघड्या राहतात, हे त्यामागचे संभाव्य कारण होय. याउलट, अँजिओटेन्सिन-रूपांतरक विकर रोखणाऱ्या कॅप्टोप्रिलने पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील मूत्रपिंडाची हानी मंदावल्याचे 1993 मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासात, काटेकोर शर्करानियंत्रणामुळे पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला होता.

ही हानी प्रारंभी वेदनारहित असते. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदानापासूनच दरवर्षी मूत्रातील अल्ब्युमिन व डोळ्याचा पडदा तपासावा लागतो. केवळ उपाशीपोटीची शर्करा पाहून या दोहोंचा अंदाज येत नाही.