गोळी हरते तिथे सुई

मधुमेह असलेल्या, सत्तरीला टेकलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे : ताठरतेसाठी गोळ्या घेऊन पाहिल्या, गुण आला नाही. आता उपाय संपले का? मुळीच नाही, लिंगात टोचायचं औषध आहेच. त्याचं बरंचसं श्रेय ज्यांना जातं, त्या जाइल्स ब्रिंडली यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१९८३, लास व्हेगास. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद. ताठरता न येणं हा विकार तेव्हा बहुतांशी मनाचाच समजला जाई. ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रिंडली ढगळ ट्रॅकसूट घालून व्याख्यानाला उभे राहिले. स्नायू सैलावणारं औषध त्यांनी हॉटेलच्या खोलीतच स्वतःच्या लिंगात टोचून घेतलं होतं. व्याख्यानानं कुणाची कामवासना चाळवत नाही, असं सांगून त्यांनी पँट खाली केली आणि ‘खात्री करून घ्या’ म्हणत थेट श्रोत्यांत उतरले. पुढच्या रांगांत किंकाळ्या उठल्या. पण मनात इच्छा नसतानाही ताठरता येते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. केवढं हे धाडस!

वाफा भरायचा तर वरचा पाट मोकळा हवा आणि खालचा बांध फुटका नको. ताठरतेचंही तसंच. चेतातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, स्नायू सैलावतात, रक्त आत येतं आणि फुगलेल्या उती परतीच्या शिरा दाबून धरतात. १९९८मध्ये आलेली सिल्डेनाफिलची गोळी नायट्रिक ऑक्साइडचा हा निरोप फक्त टिकवून धरते. मधुमेहानं किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनं चेतातंतूच दुखावले, तर टिकवायला निरोपच उरत नाही. सुईतलं औषध मात्र थेट स्नायूवर काम करतं. आज त्यासाठी बहुधा अल्प्रोस्टॅडिल वापरतात. पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्यायचा. ताठरता चार तासांत ओसरली नाही, तर लगेच रुग्णालय गाठायचं. सुई नको असेल तर निर्वात पंप आहे, आणि शेवटी शस्त्रक्रियेनं बसवायचा इम्प्लांट.

गोळी पुन्हा घेऊन पाहायची असेल, तर सिल्डेनाफिल भरल्या पोटी घेऊ नका आणि छातीसाठी सॉर्बिट्रेट चालू असेल तर या जातीची कुठलीच गोळी नको. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. हृदयाची तपासणीही करून घ्याच : लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात, म्हणून चरबी साचल्याचा त्रास अनेकदा तिथे काही वर्षं आधी जाणवतो.