पर्लकोटेच्या पलीकडे

पावसाळ्यात पर्लकोटा दुथडी भरली की आलापल्लीहून येणारा रस्ता पुलाशीच संपतो. अलीकडे हेमलकसा, पलीकडे भामरागड. एरवी हे अंतर काही मिनिटांचं. पुराच्या दिवसांत मात्र ते किती, हे पुलावरचं पाणी ठरवतं. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती गावापाशीच एकमेकींना मिळतात, त्यामुळे एकीला फुगवटा आला की तिघीही तुंबतात. अशा रात्री पलीकडच्या पाड्यावर एखादीला कळा सुरू झाल्या, तर खाटेला दांडा बांधून तिला खांद्यावरून नेणं, एवढाच उपाय उरतो. नाला उतरला असेल, तर.

गडचिरोलीच्या आरोग्याविषयी लिहायचं म्हटलं की डॉक्टरांच्या रिकाम्या जागा आणि नादुरुस्त गाड्या यांपासून सुरुवात होते. त्या तक्रारी खऱ्या आहेत. पण माझ्या मते मूळ दुखणं आपल्या मापात आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसं. सरकारी निकषानुसार सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० लोकांमागे. ऐकायला ही सवलत वाटते. आता गणित मांडून पाहा. शहरं वगळली तर राज्याच्या ग्रामीण भागात चौरस किलोमीटरला साधारण २०० माणसं राहतात. तिथल्या केंद्राच्या वाट्याला १५० चौरस किलोमीटरचा मुलूख येतो. गडचिरोलीत सवलत धरूनही तो २७०वर जातो. शिवाय ७४ ही सरासरी आहे. वैनगंगेच्या काठचे देसाईगंज, आरमोरी हे धानाचे तालुके दाट वस्तीचे. एटापल्ली, भामरागडकडे जंगल दाट आणि माणूस विरळ. म्हणजे जिथे चालायला सर्वांत जास्त लागतं, तिथेच केंद्र सर्वांत लांब. माणसं मोजून दवाखाने वाटले की असंच होणार. पायी लागणारे तास मोजायला हवे होते.

दक्षिणेचं टोक तर आणखी वेगळं. सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण सुमारे २०० किलोमीटर. तिथला आजारी माणूस प्राणहिता ओलांडून मंचेरियालला किंवा गोदावरी ओलांडून वारंगळला जातो आणि दुसऱ्या राज्यात उपचार घेतो.

या जिल्ह्याने देशाला जे शिकवलं, ते मात्र अंतराच्या या अडचणीतूनच. १९७३मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसताना, माडिया भाषा शिकत दवाखाना उभा केला. १९८६मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच सरकारदरबारी माहीत होतं. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं ही दुखणी बाई कुणाला सांगत नव्हती आणि तिला कुणी विचारतही नव्हतं.

पण मला खिळवून ठेवतं ते ‘सर्च’चं बालमृत्यूंवरचं काम. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या सुइणीला साठपर्यंत आकडे येत नाहीत. मग एक साधं उपकरण तयार झालं: मिनिटभराची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलात, तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हाती निदान आलं.

पुढे ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायका तयार केल्या गेल्या. त्या जन्माच्या वेळी हजर राहत, बाळाला उबदार ठेवत, वजन घेत, आईला पाजायला शिकवत आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. इंजेक्शन द्यायचं ते डॉक्टरने, असं मानणाऱ्यांना हे धाडस वाटलं. तिसऱ्या वर्षी या गावांत नवजात बालकांचा मृत्युदर हजारी २५.५वर आला, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो ५९.६ होता. १९९९मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि २०११मध्ये घरोघरच्या नवजात बालसेवेचा कार्यक्रम केंद्र सरकारने गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेला. बाळ दवाखान्यात पोचत नसेल, तर दवाखान्याने बाळापर्यंत जायचं, एवढी ही सरळ गोष्ट.

हिवतापाचं काम अजून बाकी आहे. आदिवासी आरोग्यावरच्या तज्ज्ञ समितीचा २०१८चा अहवाल सांगतो की देशाच्या लोकसंख्येत सुमारे ८ टक्के असलेल्या आदिवासी समाजाच्या वाट्याला हिवतापाचे ३० टक्के रुग्ण आणि निम्मे मृत्यू येतात. हिवतापाच्या फॅल्सिपेरम या प्रकाराचा ताप मेंदूत जायला वेळ लावत नाही. ताप आला की आधी पुजाऱ्याकडे जायचं, ही रीत अडाणीपणाची आहे असं मी म्हणणार नाही. पुजारी त्याच पाड्यावर असतो, रात्रीही असतो आणि माडियात बोलतो.

माहेरघर योजनेकडे मी अंतराच्या याच नजरेने पाहतो. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच आरोग्य केंद्रालगत येऊन राहावं, तिची सोय तिथेच व्हावी, ही कल्पना मला फार चांगली वाटते. नावही नेमकं. पण घरी दोन लहान मुलं, शेतात रोवणी किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम हातचा जातोय, अशा बाईने आठ दिवस बाहेर कसे काढायचे? मुलांची तिथे खरोखर सोय झाली आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई हाती पडली, तरच ती येईल.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईने बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या आणि त्याचे २५० रुपये, असं नवजात बालसेवेच्या कार्यक्रमात ठरलेलं आहे. आरमोरीकडच्या गावात ही घरं एकाच गल्लीत असतात. भामरागडकडच्या आशाताईला मधला नाला उतरून पलीकडच्या टोल्यावर जावं लागतं, परतताना पुन्हा तोच नाला, असं सहा वेळा. दर दोघींना एकच.