रात्री उठून खाताय? खादाडपणा नव्हे, आजारही असू शकतो

छत्रपती संभाजीनगर : रात्री एक-दोनला जाग येते. डब्यातली भाकरी, नाहीतर गूळ-शेंगदाणे खाल्ल्याशिवाय डोळा लागत नाही. घरचे खादाड म्हणून हिणवतात. पण आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. याचे दोन प्रकार आहेत.

जागेपणी खाणे : हा खाण्याचा विकार. माणूस पूर्ण जागा असतो, खाल्लेलं सगळं आठवतं. सकाळी मात्र भूक नसते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये त्याची पहिल्यांदा नोंद केली.

झोपेत खाणे : हा झोपेचा विकार. झोपेत चालावं तसा माणूस चुलीपाशी जातो, कधी कच्चं पीठही खातो. सकाळी काहीच किंवा फारसं आठवत नाही. गॅस, विळीमुळे इजा होऊ शकते. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीनेही असं होऊ शकतं. असं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

हा आजार नाही : रात्रीच्या लाइटवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला भूक लागणारच.

शुगरवाल्यांनी सावध : औषध-इन्सुलिन चालू असताना रात्री घाम, थरथर, भूक लागून जाग आली तर रक्तातली साखर घसरलेली असू शकते. लगेच साखर-पाणी घ्या, नंतर डॉक्टरांना भेटा.

कुठे विचारायचं? : घाटी रुग्णालयातील मनोविकार विभागात दाखवा. फोनवर सल्ला हवा असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.