समजून घ्या : कापसाचा ओलावा १२ टक्के की साडेबारा? शाळेतल्या 'पेक्षा कमी' चिन्हावर ठरतो गाडीचा निकाल

बीड : कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागली की एकच प्रश्न ऐकू येतो, 'मीटरवर किती आला?' ओलावा १२ टक्के आला तर माल घेतला जातो, साडेबारा आला तर गाडी परत फिरू शकते. गेवराई, माजलगाव भागातल्या शेतकऱ्याचा हा रोजचा हिशेब शाळेच्या गणितात 'रेषीय असमानता' म्हणून ओळखला जातो.

समीकरण आणि असमानतेत फरक काय?

क्ष + ३ = १० या समीकरणाचे उत्तर एकच, ७. पण क्ष + ३ ≤ १० असे लिहिले की ७ आणि त्याहून लहान प्रत्येक संख्या चालते. संख्यारेषेवर ७ वर भरीव ठिपका द्यायचा आणि डावीकडे बाण काढायचा. चिन्ह नुसते < असेल तर ठिपका पोकळ, म्हणजे ७ वगळायचा.

नियम काय सांगतो?

२०२५-२६ हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. पुढे प्रत्येक टक्क्याला भाव १ टक्क्याने, म्हणजे ८१.१० रुपयांनी घटतो. १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही.

- ८ टक्के : ८,११० रुपये
- १० टक्के : ७,९४७.८० रुपये
- ११ टक्के : ७,८६६.७० रुपये
- १२ टक्के : ७,७८५.६० रुपये

आठच्या वरचा ओलावा क्ष मानला तर भाव = ८,११० − ८१.१०क्ष. इथे ० ≤ क्ष ≤ ४. प्रत्येक टक्क्याला घट सारखीच असल्याने आलेख सरळ रेषेत येतो, म्हणून 'रेषीय'.

चिन्ह कधी उलटते?

समजा, किमान ७,९०० रुपये भाव हवा आहे.

८,११० − ८१.१०क्ष ≥ ७,९००
−८१.१०क्ष ≥ −२१०
क्ष ≤ २.५९ (सुमारे)

म्हणजे ओलावा साधारण साडेदहा टक्क्यांच्या आत हवा. शेवटच्या पायरीत ऋण संख्येने भागल्यामुळे ≥ चे ≤ झाले. मुलांचे गुण जातात ते इथेच. चिन्ह उलटले नाही तर उत्तर येईल, 'कापूस जितका ओला तितका भाव चांगला'! कारण सोपे आहे : ५ ही ३ पेक्षा मोठी, पण −५ ही −३ पेक्षा लहान. पाच हजारांचे कर्ज असलेल्यापेक्षा तीन हजारांचे कर्ज असलेला बरा, तसेच हे.

वाळवायचा की व्यापाऱ्याला द्यायचा?

समजा, १० क्विंटल कापसात एकूण वजनाच्या १४ टक्के ओलावा आहे. म्हणजे कोरडा माल ८.६ क्विंटल. तो १२ टक्क्यांवर आणला की वजन ८.६ ÷ ०.८८ = ९.७७ क्विंटल भरते आणि ७,७८५.६० च्या भावाने सुमारे ७६,०६५ रुपये होतात. व्यापाऱ्याचा भाव क्ष असेल तर वाळवणे परवडण्याची अट अशी :

१०क्ष < ७६,०६५, म्हणजे क्ष < ७,६०६.५०

व्यापारी यापेक्षा कमी देत असेल तर ताडपत्रीवर ऊन दाखवणे फायद्याचे. मजुरी आणि वाहतुकीचे जादा १,००० रुपये जाणार असतील तर ते उजवीकडून वजा करायचे, मर्यादा ७,५०६.५० वर येते.

आणखी वाळवला तर?

१२ टक्के ओलाव्याच्या १० क्विंटलचे ७७,८५६ रुपये होतात. तोच माल ८ टक्क्यांवर आणला तर वजन ९.५६५ क्विंटलवर येते आणि रक्कम सुमारे ७७,५७४ रुपये. भाव वाढला, तरी वजन घटल्याने हाती काहीच जास्त लागत नाही.

११ टक्क्यांवर आणला तर सुमारे ७७,७८३ रुपये मिळतात, म्हणजे १२ टक्क्यांच्या तुलनेत ७३ रुपये कमी. पण मीटरचा काटा थोडा इकडे-तिकडे झाला तरी गाडी परत आणावी लागत नाही. १२ च्या रेषेला चिकटून राहण्यापेक्षा हे ७३ रुपये स्वस्त पडतात.