नोंद एक, उपयोग अनेक

चिंचपोकळी येथील महापालिकेचे कस्तुरबा रुग्णालय संसर्गजन्य रोगांवरील उपचारांसाठी सर्वपरिचित आहे. साथीच्या काळात भांडारात औषध किती शिल्लक आहे, हे वेळीच कळणे रुग्णाच्या जिवाशी निगडित असते. भांडार, खरेदी व लेखा यांच्या वह्या वेगवेगळ्या असल्या, की आकडे जुळविण्यातच दिवस जातात. ‘ईआरपी’ म्हणजे एकात्मिक साधनसंपत्ती नियोजन प्रणालीत एकदा केलेली नोंद तिन्ही शाखांना तत्काळ उपलब्ध होते. १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या ‘सॅप’ कंपनीची अशी प्रणाली मुंबई महापालिकेनेही स्वीकारली. मात्र साठ्याची प्रत्यक्ष मोजणी, वस्तूंचे समान संकेतांक व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही पूर्वतयारी अगत्याची होय. अन्यथा चुकीची नोंदही तितक्याच वेगाने सर्वत्र पोहोचते.